रानटर्की साफ कशी करायची? तंगड्या आणि हाडं टाकायची नाहीत

खोऱ्यातला | शनिवार, संध्याकाळी ६:१५
नमस्कार मंडळी. इथे सकाळचे पावणेआठ वाजलेत आणि पक्षी गॅरेजमध्ये टांगलेला आहे, म्हणून घाईत लिहितोय.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, व्हर्नन काउंटीत राहतो. डोंगर-खोऱ्यांचा भाग आहे, मिसिसिपी जवळच. आमचे शेजारी गाईंचा गोठा असलेले आजोबा आहेत, वय ७४. गेली तीन वर्षं एप्रिलमध्ये मी त्यांच्यामागे अंधारात जाऊन नुसता झाडाला टेकून बसायचो. यंदा शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला (१ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे तो लागतोच), परवाना काढला आणि आज पहाटे सहा वीसला माझा पहिला नर पडला. रानटर्की. वजन साडेनऊ किलो, छातीवरची केसांसारखी लोंबणारी दाढी २४ सेंटिमीटर.

लांबून काळा दिसणारा हा पक्षी हातात घेतला तर एकेक पीस तांब्याच्या भांड्यासारखं चमकतं. कलतं केलं की हिरवं होतं, आणखी कलतं केलं की जांभळं. डोकं लाल-निळं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत फिकं पडत गेलं. मी तिथेच गुडघ्यावर बसून राहिलो. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढली.

त्यांना गाई पिळायच्या होत्या, ते गेले. जाताना सांगून गेले, "छातीचे दोन तुकडे काढ, दहा मिनिटांचं काम आहे. बाकीचं रानात नेऊन टाक, कायोटी (इथले कोल्ह्यासारखे प्राणी) खातील. तंगड्यांत नुसत्या तारा असतात." इथे बरेच जण असंच करतात. पण माझा हात धजत नाही. ज्याचा जीव घेतला त्याच्या दोन्ही तंगड्या, पंख, काळीज, हाडं फेकून द्यायची? आमच्या आजीने जुन्नरला कोंबडीच्या पायाचं नखसुद्धा विचार करून टाकलं.

पिसं उपटू की कातडं सोलू? तंगड्या खरंच शिजत नाहीत का? बाहेर आत्ता ४ अंश आहे, दुपारी १४ होईल.

ओझार्ककर | शनिवार, संध्याकाळी ६:२२
अभिनंदन! पण आधी सांगा, पोट साफ केलंय का? नसेल तर फोन ठेवा आणि चाकू घ्या. टर्कीचं अंग जिवंतपणी ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं, वर पिसांची रजई. बाहेर थंडी असली तरी आत तो गरमच राहतो. गप्पा नंतर मारू.

खोऱ्यातला | शनिवार, संध्याकाळी ६:२४
नाही केलेलं. कुठून सुरू करू?

ओझार्ककर | शनिवार, संध्याकाळी ६:३१
उताणा ठेवा. छातीचं हाड जिथे संपतं तिथे बोटाने चाचपा, मऊ लागेल. तिथली चार पिसं उपटून फक्त कातडीला आडवी चीर द्या. चाकूचं टोक वर, आतड्यांकडे नाही. चीर खाली नेत गुदद्वाराभोवती गोल फिरवा म्हणजे आतडी न फाटता सुटी होतील. मग हात आत घाला, बरगड्यांच्या कडेने अगदी गळ्यापर्यंत, आणि सगळं मुठीत धरून एकदाच बाहेर ओढा. काळीज, कलेजी, पोटा बाजूला ठेवा. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. फुफ्फुसं बरगड्यांच्या खोबणीत रुतलेली असतात, ती बोटाच्या नखाने खरवडावी लागतात. ती राहिली तर मांस तिथूनच खराब व्हायला लागतं.

मग गळ्याच्या बुडाशी चीर देऊन अन्नाची पिशवी काढा. वसंतात ती पाल्याने, किड्यांनी भरलेली असते आणि लवकर आंबते. हे झालं की पोटात बर्फाच्या दोन बंद पिशव्या घाला. त्यानंतर चहा प्या.

मी अमेरिकेतल्याच मिसूरी राज्यात ११ हंगाम शिकार केली आहे. विचारा काय विचारायचं ते.

चुलीपाशी | शनिवार, संध्याकाळी ६:४०
अरे, आधी आतडी काढली तर पिसं काढताना गरम पाणी पोटात जाणार नाही का? आमच्याकडे कोंबडीची आधी पिसं, मग जाळावर लव भाजायची, मग हळद चोळायची आणि शेवटी पोट. माझ्या सासूबाई तर पोट फाडल्यावर पाणी लागूच द्यायच्या नाहीत.

ओझार्ककर | शनिवार, संध्याकाळी ६:४६
ताई, तुमचं बरोबर आहे, गरम पाण्यात बुडवायचा असेल तर आधी पिसंच काढावीत. पण घरची कोंबडी कापल्यापासून पाच मिनिटांत चुलीवर असते. हा पक्षी मरून जवळजवळ दोन तास झालेत आणि पाणी तापायला अजून तास जाईल. त्यात छर्रा पोटात गेला असेल तर आतडं फुटलेलं असतं. अशा वेळी मी थांबत नाही. थंडीत, लगेच घरी पोचलो असेन तर आधी पिसं.

चुलीपाशी | शनिवार, संध्याकाळी ६:४९
हे पटलं. छर्ऱ्याचं माझ्या लक्षातच आलं नाही.

जनावरांचा_डॉक्टर | शनिवार, संध्याकाळी ७:०५
नगरहून लिहितोय, पशुवैद्य आहे. हातमोजे घातलेत ना? रानपक्ष्यांत बर्ड फ्लू सापडतो, त्यामुळे साफ करताना खाणं-पिणं, तोंडाला हात लावणं नको. नंतर हात साबणाने, चाकू आणि फळी जंतुनाशकाने धुवा. शिकारीआधी पक्षी सुस्त, मान टाकलेला असता तर त्याला हातच लावायचा नव्हता. तुमचा तर मादीच्या नकली हाकेला ओ देत चालत आला असणार, म्हणजे धडधाकट होता.

कलेजी उजेडात नीट बघा. एकसारखी तपकिरी-लाल असली तर उत्तम. तिच्यावर पिवळट, गोल, मध्ये खचलेले डाग असतील तर तो ब्लॅकहेड रोग. तो माणसाला होत नाही, पण असा पक्षी खाऊ नये. हा रोग कोंबड्यांच्या आतड्यांतल्या जंतांच्या अंड्यांतून पसरतो. कोंबड्यांना सहसा फारसं काही होत नाही, टर्की मात्र पटापट मरतात. तुमच्याकडे किंवा आजोबांकडे कोंबड्या असतील तर आतडी त्यांच्या आसपास टाकू नका. त्यांच्यासाठी नाही, पुढे तिथे चरायला येणाऱ्या टर्कींसाठी.

शिजवताना जाड भागाच्या मध्यापर्यंत ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं. थर्मामीटर वापरा, रंगावर जाऊ नका.

खोऱ्यातला | शनिवार, संध्याकाळी ७:४८
झालं. कलेजी स्वच्छ आहे, डाग नाहीत. काळीज लिंबाएवढं. अन्नाच्या पिशवीत कोवळं गवत, दोन भुंगेरे आणि शेजारच्या शेतातले मागच्या वर्षीचे मक्याचे दाणे निघाले, टपोरे, जसेच्या तसे. पोटा कापला तर आत बारीक गारगोट्या, गुळगुळीत झालेल्या, आणि दळलेलं हिरवं पीठ. बायको आणि मुलगी दोघी बघायला आल्या. मुलीने गारगोट्या धुऊन काचेच्या बाटलीत भरल्या.

ओझार्ककर, बरगड्यांतली फुफ्फुसं तुम्ही सांगितली नसतीत तर राहिलीच असती.

तात्या_कराड | शनिवार, संध्याकाळी ७:५२
पोट्याचं आतलं पिवळं अस्तर सोललंत ना? नाहीतर टायर चावल्यासारखं लागेल.

ओझार्ककर | शनिवार, संध्याकाळी ७:५८
त्या पोट्याची ताकद जबरदस्त असते. आमच्याकडची हिकरीची फळं हातोडीशिवाय फुटत नाहीत, टर्की ती कवचासकट गिळते आणि त्या गारगोट्यांनी आतच भरडते. म्हणून पोटा एवढा चिवट. पातळ काप करून सावकाश शिजवला तर मात्र कलेजीपेक्षा मला तोच आवडतो.

शांत_पिंपळ | शनिवार, रात्री ८:१०
मी शाकाहारी आहे, तरी धागा पूर्ण वाचला. राग नाही, पण वाईट वाटलं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ते योग्यच झालं असं मला मनापासून वाटतं. जिथे सुपरमार्केटमध्ये सगळं मिळतं तिथे रानातला मोकळा जीव मारायची गरज काय?

ओझार्ककर | शनिवार, रात्री ८:३५
प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी इथे जवळजवळ संपला होता. जंगलं तोडली गेली आणि बाजारात विकायला वर्षभर बेबंद शिकार चालायची. १९३०च्या दशकात देशभरात साधारण दोन लाख उरले होते, आज साठ लाखांच्या वर आहेत. विस्कॉन्सिनमधून तर तो पार नाहीसा झाला होता. १९७६ साली आमच्या मिसूरीतून पकडलेले पक्षी तिथे नेऊन सोडले, आणि कुठे सोडले माहीत आहे? खोऱ्यातल्यांच्याच व्हर्नन काउंटीत! बदल्यात विस्कॉन्सिनने मिसूरीला ग्राउझ पक्षी दिले. पहिला वसंतातला हंगाम तिथे १९८३ साली उघडला.

पैसा कुठून आला? १९३७च्या कायद्यापासून बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठीच राखून ठेवला जातो. वर परवान्यांचं शुल्क. वसंतात फक्त दाढी असलेला पक्षी मारता येतो, म्हणजे जवळजवळ सगळे नरच. तोवर बऱ्याच माद्यांचं मीलन झालेलं असतं. आणि रानटी पक्ष्याचं मांस विकता येत नाही. दुकानात मिळते ती पाळीव टर्की. विक्री थांबली म्हणून पक्षी वाचला.

भारतात बंदी असायलाच हवी, यात मी तुमच्यासोबत आहे. तिथे जंगल किती उरलंय आणि माणसं किती!

शांत_पिंपळ | शनिवार, रात्री ८:५१
विक्रीबंदीचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो महत्त्वाचा आहे. माझं मन तरीही तयार होत नाही. पण तंगड्यासुद्धा फेकायच्या नाहीत म्हणून जो माणूस धागा काढतो त्याच्याशी माझं भांडण नाही.

खोऱ्यातला | शनिवार, रात्री ९:०४
पिंपळ, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. मलाही आज सकाळी आनंद आणि जडपणा दोन्ही एकदम होतं. आणि ते पक्षी आमच्याच काउंटीत सोडले होते हे वाचून अंगावर काटा आला. आजोबांना विचारतो, ते तेव्हा पंचविशीत असतील.

पाणी तापलंय. पिसं काढतोय.

मेघना_न्यूजर्सी | शनिवार, रात्री ९:१५
आमच्याकडे तर टर्की रस्ता अडवून उभ्या असतात. मागच्या आठवड्यात एक नर आमच्या गाडीच्या चकचकीत दारात स्वतःला बघून अर्धा तास भांडत होता. नवरा आत बसून ऑफिसच्या मीटिंगला उशीर का होतोय ते समजावून सांगत होता.

गोंयकार_बार्देस | शनिवार, रात्री ९:४०
पिसं निघेपर्यंत एक जुनी गोष्ट सांगतो. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोत दोन हजार वर्षांपूर्वीपासून पाळलेला. आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून. १६१२ साली बादशहा जहांगीरने मुकर्रब खानाला गोव्याला पाठवलं होतं, दुर्मीळ वस्तू विकत आणायला. त्याने जे अजब प्राणी नेले त्यांत टर्कीचा नर होता. जहांगीर इतका हरखला की त्याने आत्मचरित्रात त्याच्या डोक्या-मानेचे बदलते रंग वर्णन केले आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यात गळ्याची लाल झालर आणि पिसांच्या कडा इतक्या बारकाईने काढल्यात की खोऱ्यातल्यांनी पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलंय तेच समोर दिसतं.

आणि पोर्तुगीज भाषेत टर्कीला काय म्हणतात? पेरू!

मेघना_न्यूजर्सी | शनिवार, रात्री ९:४४
म्हणजे "पेरूची कोशिंबीर" हा प्रकार लिस्बनमध्ये जपून सांगायला हवा.

तात्या_कराड | शनिवार, रात्री ९:४६
आणि "पेरू पाडायला झाडावर चढलो" हेही. टर्की रात्री झाडावरच बसते ना?

ओझार्ककर | शनिवार, रात्री ९:५०
बसते की! उंच झाडावर. पहाटे तिथूनच ओरडते आणि उजाडलं की खाली उतरते. रानटर्की चांगली उडते, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, पण थोड्याच अंतरासाठी. दुकानातली पांढरी पाळीव टर्की छातीच्या वजनाने उडूच शकत नाही. तंगडीचा प्रश्न नेमका इथेच येतो. रानातली टर्की जन्मभर चालते, उकरते, पळते, म्हणून पिंढरीतल्या शिरा जवळजवळ हाडासारख्या कडक होतात. आजोबांच्या "तारा" त्या ह्याच.

खोऱ्यातला | शनिवार, रात्री १०:३५
पिसं निघाली! पद्धत लिहून ठेवतो, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

मोठ्या पातेल्यात पाणी ६५ अंशांपर्यंत तापवलं आणि भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब टाकले. पिसांना तेल असतं, साबणाने पाणी मुळाशी पोचतं. पोटाची चीर जाड दोऱ्याने टाचून घेतली (ताईंच्या सूचनेवरून). पाय धरून बुडवला, ३० सेकंद, वर काढला, पंखाचं एक पीस ओढून पाहिलं, घट्ट होतं. परत ३० सेकंद. मग छातीची पिसं मुठीमुठीने ओल्या गवतासारखी निघाली. पंखांची मोठी पिसं पकडीने एकेक काढावी लागली. पाणी उकळतं असतं तर कातडी शिजून फाटली असती.

मग लव. ताई, इथे तुमची आठवण आली. बाहेर सुक्या गवताचा जाळ केला आणि पक्षी फिरवत भाजला. तो जळक्या लवेचा वास आला आणि मी एकदम जुन्नरच्या परसात! आजी कडब्याचा जाळ करायची, आम्ही पोरं धुरात डोळे चोळत उभी. हळद चोळल्यावर तोच पिवळा रंग आला. मुलगी म्हणाली, "बाबा, हा आता आपला झाला."

शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला पिवळी गाठ दिसतेय. काढायची का?

ओझार्ककर | शनिवार, रात्री १०:४१
हो, ती तेलाची गाठ. थोडं मांस धरून खोलवर कापून काढा, नाहीतर सगळ्या रश्श्याला वास मारेल. आणि छातीच्या वरच्या भागात कातडीखाली पिवळसर, लिबलिबीत चरबीचा थर असेल. वसंतात नर माद्यांच्या मागे लागतात, धड खात नाहीत, त्या दिवसांची ती शिदोरी. तोही काढून टाका, उग्र लागतो.

छर्रे बघा. आपण डोक्या-मानेवर नेम धरतो म्हणून अंगात सहसा नसतात. मांसात कुठे काळं-निळं भोक दिसलं तर सुरीच्या टोकाने तळापर्यंत जा. छर्ऱ्यासोबत पीसही आत ओढलं गेलेलं असतं. छर्रे शिशाचे होते का?

खोऱ्यातला | शनिवार, रात्री १०:४६
हो, आजोबांनी दिलेली काडतुसं शिशाचीच होती. पंखाच्या सांध्यात एक सापडला.

जनावरांचा_डॉक्टर | शनिवार, रात्री १०:५५
त्या भोकाभोवतीचं दोन-तीन सेंटिमीटर मांस कापून टाका, हळहळू नका. घरात लहान मुलगी आहे आणि मुलांना शिसं थोडंसुद्धा नको. पुढच्या वर्षी दुसऱ्या धातूचे छर्रे घ्या. बदकांच्या शिकारीत अमेरिकेत १९९१ पासून शिसं बंदच आहे, टर्कीसाठी बहुतेक राज्यांत अजून चालतं. टाकलेल्या अवशेषांतून गरुडांच्याही पोटात जातं ते.

खोऱ्यातला | शनिवार, रात्री ११:०२
कापून टाकलं. पुढच्या वर्षी शिसं नाही, हे ठरलं. आजोबांशीही बोलेन.

सावजी_सदर | शनिवार, रात्री ११:१०
आता माझी पाळी! तंगड्यांना एकच उत्तर, सावजी. खसखस, सुकं खोबरं, धणे, दगडफूल, ज्वारीचं थोडं पीठ आणि तेलाचा तवंग. रानटी मांसाला मसाला अंगावर घ्यायची ताकद असते, ब्रॉयलर तिथे हरवून जातो.

चुलीपाशी | शनिवार, रात्री ११:१८
सावजीला माझा नमस्कार, पण पहिल्यांदाच मिळालेला असा पक्षी मसाल्यात बुडवू नका. आधी अळणी करा. हाडं, मान, पंख, हळद, मीठ, आलं-लसूण, एक कांदा, बस्स. मांसाची चव काय आहे ते कळू दे त्या लेकराला. मग त्याच अळणीत अर्ध्याचा रस्सा करा.

सावजी_सदर | शनिवार, रात्री ११:२१
ताई, अळणी आधी हे मान्य. पण दुसऱ्या दिवशी तंगड्या माझ्या.

मेघना_न्यूजर्सी | शनिवार, रात्री ११:३०
छातीचं काय? इथे सगळे मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवतात. एक लिटर पाण्याला साधारण ६० ग्रॅम मीठ. चरबी नसते, म्हणून नाहीतर कोरडं पडतं.

चुलीपाशी | शनिवार, रात्री ११:३४
दही लाव. मिठाच्या पाण्याने पाणचट होतं.

ओझार्ककर | शनिवार, रात्री ११:४५
दोन्ही करून पाहिलंय. भाजायचं असेल तर मिठाचं पाणी, मांस खरंच रसाळ राहतं. रस्सा किंवा सुकं करायचं असेल तर दही. पण त्याआधी पक्षी दोन दिवस फ्रिजमध्ये उघडा विसावू द्या, १ ते ४ अंशांत. आजच शिजवला तर ताठलेला असतो, कितीही शिजवा, चावत बसाल. पायामागचा काटा किती आहे?

खोऱ्यातला | शनिवार, रात्री ११:४९
२६ मिलिमीटर.

ओझार्ककर | शनिवार, रात्री ११:५२
म्हणजे तीन वर्षांचा तरी असेल. एका वर्षाच्या नराचा काटा नुसता बोंडासारखा असतो. हा पोक्त गडी आहे, तंगड्यांना वेळ द्यावा लागेल. घाई करू नका. आणि उद्या संध्याकाळी ५च्या आत पक्ष्याची नोंदणी करायची आहे, विसरू नका.

खोऱ्यातला | रविवार, सकाळी ७:३०
नोंदणी रात्रीच केली. आजोबांना १९७६चं विचारलं. ते हसलेच नाहीत, गंभीर झाले. म्हणाले, त्यांच्या वडिलांनी आयुष्यात या खोऱ्यात एकही टर्की पाहिली नव्हती. पक्षी सोडल्यावर काही वर्षांनी एका सकाळी गोठ्यामागून आवाज आला. यांनी वडिलांना उठवलं आणि दोघं धारा अर्धवट टाकून ऐकत उभे राहिले. त्यानंतरच्या हंगामांत वडिलांनी परवाना कधीच काढला नाही, नुसते ऐकायला यायचे. हे मला तीन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं त्यांनी.

शांत_पिंपळ | रविवार, सकाळी ८:०५
हे वाचून फार बरं वाटलं. मी पण ऐकायलाच येईन.

खोऱ्यातला | मंगळवार, सकाळी ९:२०
तंगड्यांचा अहवाल देतो, धागा त्यासाठीच होता.

मान, पंख आणि पाठीचा सापळा यांची अळणी केली. मंद आचेवर चार तास. वर सोन्यासारखे बारीक थेंब आले, चरबी अगदी थोडी. चव गावरान कोंबडीच्या जवळची, पण जास्त खोल. मुलीने तीन वाट्या प्यायल्या.

मांड्या आणि पिंढऱ्या वेगळ्या केल्या. दही, हळद, मीठ लावून सहा तास ठेवल्या. मग अळणीतच प्रेशर कुकरमध्ये, इलेक्ट्रिक कुकरवर ५५ मिनिटं आणि वाफ आपोआप जिरू दिली. मांड्या हाडापासून नुसत्या चमच्याने सुटल्या. पिंढऱ्यांत त्या तारा होत्याच, काड्यापेटीच्या काड्यांसारख्या कडक, पण मांस मऊ झाल्यामुळे चिमट्याने धरून ओढल्या की सळकन बाहेर. एका तंगडीतून दहा-बारा निघाल्या असतील. कच्च्या असताना मी एक ओढून पाहिली होती, जाम हलली नव्हती. म्हणजे उत्तर सोपं आहे, आधी शिजवा, मग तारा काढा. मग मांसाचे मोठे धागे करून सावजींच्या वाटणात परतले. दगडफूल घरात होतं, आईने मागच्या वेळी बांधून दिलेलं.

आजोबांना जेवायला बोलावलं. त्यांना आधी सांगितलंच नाही कशाचं आहे. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर विचारलं, कुठला भाग हा? मी ताटलीत वेगळ्या काढलेल्या तारा दाखवल्या. त्यांनी एक उचलली, बोटांत वाकवून पाहिली आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पन्नास वर्षं गाई सांभाळल्या, त्यांचं काही वाया घालवलं नाही. हे मात्र टाकत आलो." उरलेला रस्सा डब्यातून नेला त्यांनी.

सावजी_सदर | मंगळवार, सकाळी ९:४१
डोळे भरून आले राव. तिखट किती खाल्लं त्यांनी?

खोऱ्यातला | मंगळवार, सकाळी ९:४४
कपाळाला घाम होता, पण ताट पुसून खाल्लं. ताई, छातीचा अर्धा भाग दह्यात लावलाय, अर्धा मिठाच्या पाण्यात. रविवारी दोन्ही करून तुम्हाला आणि मेघनाला निकाल कळवतो.

चुलीपाशी | मंगळवार, सकाळी १०:०२
रविवारपर्यंत दह्यात? मांस आंबून लगदा होईल! उद्याच कर. नाहीतर धुऊन फ्रीझरमध्ये टाक.

खोऱ्यातला | मंगळवार, सकाळी १०:०५
उद्याच करतो ताई. मिठाच्या पाण्यातलंही काढतो, फार खारट व्हायला नको. आणखी एक. शेपटीचा पंखा आख्खा कापून ठेवलाय, टाकवत नाही. टिकवता येईल का? कायद्याने चालतं का?

ओझार्ककर | मंगळवार, सकाळी १०:३०
चालतं. अमेरिकेत बहुतेक रानपक्ष्यांची पिसं जवळ ठेवायला बंदी आहे, पण स्थलांतरित पक्ष्यांच्या त्या कायद्यात टर्की येत नाही. बुडाचं मांस आणि चरबी जितकी खरवडता येईल तितकी खरवडा, त्यावर बोरॅक्स (टाकणखार) पावडर दाबून भरा. पंखा पुठ्ठ्यावर पसरून टाचण्यांनी हवा तसा ताणून ठेवा आणि दोन-तीन आठवडे कोरड्या जागी, मांजर पोचणार नाही असा ठेवा. सुकल्यावर ज्या आकारात असेल तसाच राहील, त्यामुळे आत्ताच नीट पसरा.

खोऱ्यातला | बुधवार, सकाळी ७:१५
बोरॅक्स भरलं, पुठ्ठ्यावर टाचला. टोकाला तांबूस पट्टी, आत काळी, मग बारीक नक्षी. मुलीने पिसं दोनदा मोजली. अठरा. एकही तुटलेलं नाही.